सोळाव्या वर्षी आलेले विचार चाळिशीत परत येतात तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न वाचला, मग चहा ठेवला आणि परत एकदा नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई ४१ वर्षांच्या आहेत, आमच्या इंदूरच्याच, सुदामा नगरला राहतात. अकरावी-बारावीत जवळजवळ वर्षभर त्यांना रोज वाटायचं की आपण नसलो तर बरं. केलं काहीच नाही, कुणाला सांगितलंही नाही, आणि कॉलेज सुरू झालं तसं ते आपोआप गेलं. आता मार्चमध्ये त्यांची आई गेली, तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते आणि तेच जुने विचार दोन-तीनदा येऊन गेले. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात : हे माझ्यात कायमचं आहे का, पंधरा वर्षांच्या मुलीलाही होईल का, आणि नवऱ्याला सांगू का.

मी इथे २२ वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करतेय आणि हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो, पण इतका सरळ कुणी विचारत नाही, बहुतेक वेळा तो डोकेदुखीच्या नाहीतर अ‍ॅसिडिटीच्या मागे लपून येतो.

आधी आजचं बोलू, मग सोळाव्या वर्षाचं. विचार 'येऊन गेले' असं लिहिलंय. मला हे कळायला हवं की ते आले आणि गेले, की आल्यावर थांबून कसं, केव्हा, कुठे असं काही ठरवायला लागले? नुसतं 'नकोसं झालंय' वाटणं आणि मनात योजना तयार होणं यात खूप फरक आहे. दुसरं असेल तर हे वाचणं इथेच थांबवा, नवऱ्याला आत्ता उठवा, १४४१६ ला फोन लावा, टेली मानसची सरकारी लाइन आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात आणि मराठीतही बोलता येतं. किंवा सरळ एम.वाय. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा. तिथे तुम्हाला कुणी 'पोलीस केस होईल' म्हणून घाबरवलं तर घाबरू नका, २०१७ चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१८ पासून लागू आहे आणि त्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, सरकारने त्याची काळजी घ्यायची. तुम्ही तर फक्त विचार आल्याचं सांगणार आहात.

पहिलं असेल तरी दाखवायचं आहेच, फक्त या आठवड्यात अपॉइंटमेंट घेऊन दाखवलं तरी चालेल.

आता तुमचा मोठा प्रश्न. कायमचं आहे का? नाही. पण त्याची खूण राहते का, तर हो, राहते. या दोन वाक्यांच्या मधली जागा मला नीट समजावून सांगायची आहे, कारण लोक एकतर 'वयाचं होतं, गेलं' म्हणून सोडून देतात नाहीतर 'मी मुळातच असा आहे' म्हणून आयुष्यभर स्वतःला घाबरत राहतात, आणि दोन्हीकडे नुकसान होतं.

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च शहरात १९७७ साली जन्मलेल्या १२६५ मुलांना अगदी बाळ असल्यापासून वर्षानुवर्षं फॉलो केलंय. त्यात १८ वर्षांपर्यंत ज्यांना आत्महत्येचे विचार आले होते किंवा ज्यांनी प्रयत्न केला होता त्यांना २५ व्या वर्षापर्यंत पाहिलं. त्यांच्यात पुढे डिप्रेशन, परत तेच विचार आणि परत प्रयत्न हे इतरांपेक्षा जास्त निघालं. घरची परिस्थिती, लहानपणचे त्रास, आधीपासूनचे मानसिक आजार हे सगळं हिशोबात धरल्यावर तो फरक बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. म्हणजे थोडा भाग त्या विचारांचा स्वतःचा आणि बराचसा भाग त्यांच्या खाली जे होतं त्याचा. अमेरिकेत एका अभ्यासात ३४६ मुलांना १५ व्या वर्षी असे विचार येतात का ते विचारलं आणि मग थेट ३० व्या वर्षी पाहिलं. १५ व्या वर्षी ज्यांनी हो म्हटलं होतं त्यांच्यात तिशीपर्यंत कधीतरी प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ १२ पट होतं, आणि तिशीत कुठलातरी मानसिक आजार असण्याची शक्यता साधारण दुप्पट.

आता '१२ पट' वाचून पोटात गोळा येतो, मला माहीत आहे, म्हणून लगेच सांगते. 'पट' हा शब्द तुलनेचा आहे, तुमच्या नशिबाचा नाही. मूळ आकडा लहान असला की बारा पट होऊनही बहुतेक माणसं सुखरूपच असतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल भागातल्या मुलांचा असाच मोठा अभ्यास आहे, त्यात १६ व्या वर्षी असे विचार असलेली ३१० मुलं होती, २१ व्या वर्षापर्यंत त्यातल्या ३८ जणांनी प्रयत्न केला. म्हणजे साधारण १०० मधले १२. ही १२ मुलं कमी नाहीत, त्यांच्यासाठीच आम्ही जागतो, पण उरलेली ८८ पण खरी आहेत, ताई, आणि त्या वयात तुम्ही त्या ८८ मध्ये होतात. कुणी मदत न करता होतात, हे मला जास्त लागतं.

मग इतक्या वर्षांनी तोच विचार, जवळजवळ त्याच शब्दांत परत का येतो? माझं माहेर रामबागेतलं, जुनं घर. मधल्या खोलीत एका कोपऱ्यात पावसाळा आला की ओल उमटायची, बाबा दर दिवाळीला रंग द्यायचे, आणि जुलैत परत त्याच कोपऱ्यात, त्याच आकाराचा डाग. पाऊस सगळ्या घरावर सारखाच पडायचा. मनाचंही बरंचसं असंच होतं. पहिल्यांदा जेव्हा मूड खूप खाली गेला तेव्हा मेंदूने 'मूड खाली' आणि 'मी नसावं' या दोन गोष्टी एकत्र बांधल्या, आणि तेही अशा वयात जेव्हा भावना जोरात असतात आणि त्यांना आवरणारा मेंदूचा पुढचा भाग अजून तयार होत असतो, तो पंचविशीपर्यंत होतच असतो. पुढे कधी मूड तितकाच खाली गेला की जुनी जोडी एकत्रच येते. डिप्रेशनच्या वेगवेगळ्या एपिसोडमध्ये झोप, भूक, रडू, चिडचिड ही लक्षणं बदलत राहतात पण आत्महत्येचा विचार पहिल्या वेळी असेल तर पुढच्या वेळीही यायची शक्यता जास्त असते, हे अभ्यासात पण दिसलंय आणि मी खुर्चीत बसून पण पाहिलंय. म्हणून तो विचार आला याचा अर्थ 'आता मला खरंच मरायचंय' असा घेऊ नका, 'माझा मूड त्या पातळीला गेलाय, आता उपचार लागतोय' असा घ्या. ओल दिसली की छत बघायचं.

आणि तुमच्या छतावर काय काय आहे ते बघा. आई गेली. पहाटे तीनला जाग. वय ४१, म्हणजे हार्मोन्स बदलायचा काळ जवळ आलाय. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं इतकं कॉमन आहे की मी बोलायला बसायच्या आधी ते रिपोर्ट मागते. शोक आणि डिप्रेशन यातला फरक पण समजून घ्या, कारण घरचे म्हणतील 'आई गेलीय, दुःख होणारच'. होणारच. पण शोक लाटांसारखा येतो, तिची साडी दिसली, तिच्या हातच्या पुरणपोळीची आठवण आली की भरून येतं आणि मग थोडं ओसरतं, आणि मधे कुणी काही बोललं तर हसू पण येतं. डिप्रेशन ओसरत नाही, आणि त्यात आईपेक्षा 'मी' जास्त असते, मी काही कामाची नाही, मी सगळ्यांना ओझं झालेय. 'आईजवळ जावंसं वाटतं' असं बरेच जण म्हणतात, त्यावर मी नेहमी हळूच पुढचा प्रश्न विचारते, म्हणजे आठवण येते की तुम्हालाही जायचंय? तुम्ही स्वतःला हा प्रश्न विचारा आणि जे उत्तर येईल ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.

माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक पस्तिशीतल्या बाई यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), सारखं डोकं दुखायचं, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी सहा सेशन त्यांच्याशी सासर, नोकरी, मुलांचा अभ्यास यावर बोलले आणि मला वाटत होतं चांगलं चाललंय. सातव्या वेळी त्या आल्या नाहीत, त्यांच्या बहिणीचा फोन आला की त्या हॉस्पिटलमध्ये आहेत. वाचल्या, देवाची कृपा. नंतर त्या म्हणाल्या, 'मॅडम, दहावीपासून हे येऊन जातं, पण तुम्ही विचारलंच नाही तर मी कसं काढणार.' ते वाक्य मी अजून विसरले नाहीये. तेव्हापासून माझ्याकडे कुणीही येवो, रिटायर झालेले काका येवोत की नवी बाळंतीण येवो, मी पहिल्या दोन भेटींत विचारतेच : बारा ते अठराच्या मधे कधी असं वाटलं होतं का की जगू नये? लोक आधी दचकतात, मग खूप जण बराच वेळ गप्प बसतात, आणि मग हो म्हणतात. वीस-वीस वर्षं दाबून ठेवलेलं असतं. आपल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे, फॅमिली हिस्टरी, शुगर, बीपी विचारता तसं हे पण विचारा.

कारण खूण फक्त मनावर राहत नाही. न्यूझीलंडलाच डनेडिनमध्ये १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा अभ्यास आहे, त्यात २४ वर्षांपर्यंत प्रयत्न केलेले ९१ जण होते, ते ३८ वर्षांचे झाले तेव्हा त्यांच्यात डिप्रेशन आणि व्यसन तर जास्त होतंच, पण हृदयविकाराकडे नेणाऱ्या तक्रारी जास्त, एकटेपणा जास्त, पैशाची ओढाताण जास्त. एका वाईट रात्रीमुळे हे सगळं झालं असं नाही. ज्या मुलाला त्या वयात कुणी हात दिला नाही त्याचं शिक्षण अडखळतं, मग नोकरी, मग लग्न, मग तब्येत, एकातून एक. हे मला पालकांना सांगायचं असतं, मुलगा त्या रात्री वाचला, आता परीक्षा झाली की बघू, असं नका करू.

उपचाराचं. तुम्हाला सायकिअ‍ॅट्रिस्टनी औषध दिलं तर घ्या, त्याचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, तेवढ्यात 'फरक नाही' म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका. या गोळ्यांची दारूसारखी सवय लागत नाही. सोबत बोलण्याची थेरपी, कारण ती ओल-पावसाची जोडी गोळीने सुकते पण सुटते ती सरावाने, विचार आला तर त्याला 'हा मूडचा आवाज आहे, माझा निर्णय नाही' असं ओळखायचा सराव. आणि एक कागद. आम्ही त्याला सेफ्टी प्लॅन म्हणतो, डॉक्टरसोबत बसून लिहायचा, पण आजच सुरुवात करता येईल. माझ्यात आधी काय बदलतं (तुमच्या बाबतीत पहाटेची जाग आणि बहुतेक फोन न उचलणं), तेव्हा मी एकटी काय करू शकते, कुठे गेलं की माणसं दिसतात, कुणाला फोन करू, डॉक्टरांचा नंबर, आणि घरातलं काय दूर ठेवायचं. एका पेशंटच्या कागदावर लिहिलंय, 'जाग आली की अंथरुणात पडून राहायचं नाही, उठायचं, किचनचा दिवा लावायचा, उजाडलं की लालबागला चक्कर, येताना पोहे.' इतकं साधं. पण पहाटे तीनला डोकं चालत नाही, तेव्हा कागद चालतो. घरात आईच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या असतील तर त्या नवऱ्याला काढून टाकायला सांगा, स्वतः हाताळू नका. वाईट लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात हाताशी काही नसणं यानेच कितीतरी जीव वाचतात. श्रीलंकेने जास्त विषारी कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि तिथलं आत्महत्येचं प्रमाण खूप खाली आलं, माणसांची दुःखं काही बंद झाली नव्हती.

ज्यांना वाटतं की हे असलेला माणूस पुढे काय करणार, त्यांना मी मार्शा लिनेहन यांचं सांगते. १७ वर्षांची असताना, १९६१ साली, त्यांना अमेरिकेत मानसिक रुग्णालयात ठेवलं होतं, स्वतःला इजा करणं, मरायची इच्छा, सगळं होतं. पुढे त्या सायकॉलॉजिस्ट झाल्या आणि सतत आत्महत्येचे विचार येणाऱ्या माणसांसाठी डीबीटी नावाची थेरपी तयार केली, आज ती जगभर वापरतात. आपली स्वतःची गोष्ट त्यांनी जाहीरपणे सांगितली ती २०११ मध्ये. एवढ्या मोठ्या बाईंना सांगायला पन्नास वर्षं लागली, तर तुम्हाला २५ लागली याची लाज वाटून घेऊ नका.

आता मुलगी. होईलच असं नाही. डिप्रेशनकडचा कल काही प्रमाणात घरातून येतो, हे खरं आहे, पण तेवढंच तिला जास्त सावध आई पण मिळालीय. लोक घाबरतात की मुलांना सरळ विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होईल. नाही होत. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमध्ये २३४२ मुलांवर हे करून बघितलंय, २००५ मध्ये छापून आलं : ज्यांना सरळ विचारलं त्यांचा त्रास वाढला नाही, आणि जी मुलं आधीच त्रासात होती ती तर विचारल्यावर थोडी हलकी झाली. मी इथल्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगमधली मुलं गेली कित्येक वर्षं बघतेय, खरगोन, बडवानी, खंडव्याकडून आलेली, होस्टेलच्या खोलीत एकटी, ती पण हेच सांगतात की 'मॅडम, किसी ने सीधे पूछा ही नहीं'. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येने गेले, सरकारी आकडा आहे, आणि त्यातल्या किती जणांना त्याआधी घरच्या कुणी सरळ विचारलं असेल हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तिच्यात काय बघायचं? मार्क नाही. झोप बघा, ब्रिस्टलच्या त्याच अभ्यासात स्वतःला इजा करणं, नशा आणि जवळच्या कुणीतरी स्वतःला इजा केलेली असणं या गोष्टी विचाराला प्रयत्नाकडे नेणाऱ्या निघाल्या, आणि स्वतःला इजा करणाऱ्या मुलांमध्ये झोपेचे त्रासही. मैत्रिणीने काही केलं असेल तर ती बातमी हलक्यात घेऊ नका. आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसले तर तुमचा खर्च वाचेल' असं हसत म्हणणं, अचानक खूप शांत होणं. आणि तिला डॉक्टरांनी कधी औषध दिलंच तर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा, पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीला हे विचार वाढू शकतात असा इशारा त्या औषधांवर असतो, म्हणजे औषध टाळा असं नाही, लक्ष ठेवा आणि ठरलेल्या दिवशी परत दाखवा.

तुमचं तिला सांगायचं का? सांगा, पण आज नको. तुमचा उपचार सुरू होऊ दे, झोप येऊ दे, मग. नाहीतर तीच तुम्हाला सांभाळत बसेल, पंधराव्या वर्षी ते ओझं नको. तेव्हा पण सगळा तपशील नको, इतकंच की मी तुझ्याएवढी असताना मला खूप वाईट वाटायचं, जगू नये असं पण वाटायचं, मी कुणाला बोलले नाही आणि ते चुकलं, तुला कधी असं वाटलं तर मला रात्री दोनला पण उठव.

नवऱ्याला मात्र आज सांगा. तुम्ही लिहिलंय ते घाबरतील, आणि समाजात कळेल. आपला इंदूरचा मराठी समाज छोटा आहे, सानंद संस्थेच्या नाटकाला, गणपतीत, लग्नात तीच तीच माणसं भेटतात, ही भीती मला कळते, माझे कितीतरी पेशंट माझ्याकडे बघून न ओळखल्यासारखं करतात आणि मी पण करते, मला त्याचं काही वाटत नाही. पण नवरा म्हणजे समाज नाही. सुरुवात अवघड जात असेल तर त्यांना हे उत्तरच वाचायला द्या. आणि दादा, तुम्ही वाचत असाल तर : 'असं काय कमी आहे तुला' हे वाक्य म्हणू नका. 'किती दिवसांपासून?' विचारा आणि मग तिला बोलू द्या, मधे सल्ला देऊ नका. उरलेल्या गोळ्या आज काढा. अपॉइंटमेंट तुम्ही घ्या आणि सोबत जा, बाहेर बाकावर बसलात तरी चालेल. आणि पहाटे तीनला किचनचा दिवा लागलेला दिसला तर उठून या, काही बोललं नाही तरी चहा दोघांचा ठेवा.